कोल्हापूर फिरलं म्हणजे नेमकं काय फिरलं? मतदार, नेते का गट?

पेठेतला_पोरगा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतो, जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा. मी शिवाजी पेठेतला, नोकरीमुळं आता पिंपरीला असतो पण मतदान अजून गावातच ठेवलंय. यंदा, म्हणजे २०२४ ला, दोन्ही वेळेला रात्रीची गाडी पकडून आलो, सकाळी सातला रांगेत उभारलो आणि दुपारच्या गाडीनं परत. लोकसभेला काँग्रेसचे शाहू महाराज, म्हणजे राजर्षी शाहूंच्या गादीवरचे आताचे महाराज, दीड लाखाच्या वर मतांनी आले, कोल्हापुरातनं काँग्रेसच्या चिन्हावर १९९८ नंतर पहिल्यांदा खासदार झाला, भावानं फोनवर हलगी ऐकवली. आणि नोव्हेंबरला विधानसभेला जिल्ह्यात दहाच्या दहा जागा महायुती आणि त्यांच्या बाजूच्यांकडं, आघाडीला भोपळा. मधे फक्त पाच महिने. तीच यादी, तीच शाळा, बूथवर तेच मास्तर, माझ्या पुढं मागं रांगेत पण तीच माणसं.

ऑफिसात सगळे म्हणतात तुमचं शाहूंचं कोल्हापूर पण फिरलं की रे. मला उत्तर देता येत नाही आणि ते मनाला लागतं. आमच्या आज्जाच्या ट्रंकेत लाल बावट्याची घडी अजून आहे, आज्जी दर दसऱ्याला ती उन्हात टाकायची. याच शहरानं १९८५ ला लाल बावट्याच्या शेकापच्या (शेतकरी कामगार पक्ष) एन. डी. पाटील सरांना आमदार केलं आणि पुढच्याच म्हणजे १९९० च्या निवडणुकीत शिवसेनेला. आमचे वडील दोन्ही वेळेला जिंकणाऱ्याच्या बाजूला होते आणि त्यांना त्यात काहीच विचित्र वाटत नाही, विचारलं तर म्हणतात "त्यावेळी ते बरोबर होतं, ह्यावेळी हे." मला हे समजून घ्यायचंय. माणसाचा विचार बदलला, का नेते इकडनं तिकडं गेले, का आपण स्वतःला पुरोगामी म्हणतो तसे कधी नव्हतोच? जुन्या जाणत्या लोकांनी लिहा. कुठल्या पक्षाची बाजू घ्यायला धागा काढलेला नाही.

---

भोगावतीकाठ

बाळा, तुझ्या आज्जाच्या ट्रंकेचं वाचलं आणि लिहायला बसलो. मी करवीर तालुक्यातला, शाळामास्तर होतो, आता सत्तरीला आलो. आमचं घर शेकापचं. म्हणजे मत देण्यापुरतं नव्हे, पोरीची सोयरीक जमवताना सुद्धा पाहुणे कुठल्या बावट्याचे ते बघायचे. वडील आमचे बिंदू चौकात सभा असली की सायकलवरनं जायचे, हँडलला भाकरीचं गठुडं, आणि रात्री बाराला परत येऊन आईला झोपेतनं उठवून सभा परत सांगायचे. त्याच चौकात माधवराव बागलांनी १९५० ला फुले-आंबेडकरांचे पुतळे बसवले, बाबासाहेब हयात असताना. हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही, वडिलांनी पुतळ्याखाली उभं करून दाखवलं.

आता तुझा प्रश्न. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कोल्हापूरनं लोकसभेला दोन खासदार दिले, तेव्हा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक शेकापचा आणि एक शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा. १९७७ ला परत शेकापचे दाजीबा देसाई. मधे काँग्रेस, आणि १९८० पासून सलग पाच वेळा उदयसिंगराव गायकवाड, काँग्रेसच. म्हणजे आपण नुसते लाल कधीच नव्हतो, लाल हा इथला विरोधी पक्ष होता, पण भक्कम. गावात काँग्रेसचा एक पार आणि शेकापचा एक पार, एवढं सरळ होतं.

हा पार मोडला कसा ते मी डोळ्यानं बघितलंय. शेकाप हा कुळाचा, खंडकऱ्याचा, दोन-चार एकरवाल्याचा पक्ष. नदीला पाणी टिकायला लागलं, लिफ्ट इरिगेशन झालं, जोंधळ्याच्या रानात ऊस आला, आणि तोच दोन एकरवाला कारखान्याचा सभासद झाला. सभासद झाला की ऊस तोडीची तारीख कुणाच्या हातात? चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या. चिटबॉय कुणाचा? संचालकाचा. सोसायटीचं कर्ज, खताची पोती, पोराला कारखान्यात चिकटवायचं, सगळं त्याच दारातनं. मी स्वतः एका वर्षी ऊस वाळायला लागला तरी तोड मिळत नव्हती म्हणून संचालकाच्या दारात तीन तास बसलोय, आणि उठताना त्याच्या माणसानं एकच विचारलं, "मास्तर, पंचायतीला कुठं हाय यंदा?" माझ्या वडिलांना असं विचारायची कुणाची छाती नव्हती कारण त्यांचं कुणाकडं काही अडत नव्हतं.

मग आमच्या लोकांनी काय केलं, गावातल्या दोन गटांपैकी जो आपल्याला त्रास देणाऱ्याच्या विरोधात तो आपला असं धरलं. कोण इकडं गेलं कोण तिकडं. सांगरूळला संपतबापू पवारांसारखे आमदार नंतरही निवडून आले पण पाया भुसभुशीत झालेला. तरी माणसं संपली असं म्हणू नको. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी एन. डी. सर म्हातारपणी रस्त्यावर उतरले तर सगळं शहर त्यांच्यामागं, त्यात भगवा टिळा लावलेली पोरं, निळा झेंडा, तालमी, रिक्षावाले, व्यापारी. पक्षाकडं तेव्हा इथं एक आमदार नव्हता. शेवटी २०१५ ला टोल गेलाच. आणि त्याच आंदोलनाच्या काळात, २०१४ ला, जिल्ह्यानं सेनेला सहा आणि भाजपला दोन आमदार दिले. रस्त्यावर लाल बावट्यामागं आणि पेटीत धनुष्यबाण, एकाच माणसाचं. मला ते तेव्हा टोचलं, पण आता वाटतं त्या माणसाला ह्या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नव्हत्या. दोन्हीकडं तो वरच्याला धडा शिकवायला गेला होता.

---

कागलचा_गडी

मास्तरांनी लई भारी लिवलंय. मी आमच्या कागलचं सांगतो म्हंजे पिंपरीवाल्यांना कळंल. आमच्यात पक्ष कोण इचारत न्हाई, गट कुठला इचारत्यात. मुश्रीफ गट, मंडलिक गट, राजे गट, संजयबाबा गट. गटाच्या अंगावर पक्ष म्हंजे सदरा हाय, आज ह्यो उद्या त्यो, आतला माणूस त्योच.

बगा की. सदाशिवराव मंडलिकसाहेब १९९८ ला काँग्रेसकडनं खासदार, १९९९ आणि २००४ ला घड्याळावर, आणि २००९ ला तिकीट कापलं तर अपक्ष उभारून पंचाहत्तरीला टेकलेल्या म्हाताऱ्यानं निवडून येऊन दाखवलं. मग त्या साली जिल्हा कुठल्या पक्षाचा म्हणायचा? २०१४ ला सगळ्या देशात मोदींची लाट आणि राष्ट्रवादीचे महाराष्ट्रात चारच खासदार, त्यातला एक आमचा, धनंजय महाडिक. २०१९ ला तेच महाडिक आघाडीचे उमेदवार आणि काँग्रेसच्या सतेज पाटलांनी "आमचं ठरलंय" म्हणून सेनेच्या संजय मंडलिकांना चालवलं, पावणेतीन लाखाच्या आसपास लीड. टीव्हीवाले म्हणाले कोल्हापूर भगवं झालं. झालं कुटं, महाडिकांचं उट्टं काढलं हो आमच्या लोकांनी. आणि २०२१ ला गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीला सतेज पाटील आणि मुश्रीफ एकीकडं, महाडिक आणि काँग्रेसचेच पी. एन. पाटील दुसरीकडं. काँग्रेस काँग्रेसच्या विरोधात, सत्ता बदलली. दूध घालणाऱ्याला ह्यात काय नवल वाटलं न्हाई.

पैरा म्हाईत हाय का पिंपरीवाल्यांना? शेतात पैरा करत्यात तसाच, तू माझ्या रानात बैल घेऊन आलास मी तुझ्या रानात येणार. राजकारणात बी तसंच, लोकसभेचा पैरा विधानसभेला फेडायचा, विधानसभेचा गोकुळला, गोकुळचा जिल्हा बँकेला. आमच्या घरात सकाळी डेअरीत दूध घालून आलं की चुलते चहा पिता पिता सगळा हिशोब लावत्यात, कुणाचा पैरा ऱ्हायलाय, कोण फेडणार, कोण बुडवणार. मत कुणाला हे त्यातनं निघतं. म्हणून भावा, पाच महिन्यात कायबी फिरलं न्हाई. जूनला जोडण्या येगळ्या हुत्या, नोव्हेंबरला येगळ्या लागल्या. समरजितराजे भाजप सोडून तुतारी घेऊन मुश्रीफांच्या विरोधात उभारले तवा राजे गटाचा माणूस भाजपचा हुता म्हणून घरी बसला का? न्हाई, त्यानं तुतारी वाजवली. त्यो भाजपचा कवाच नव्हता, राजेंचा हुता.

---

महाद्वार_रोड

कागलकर दादा, तुमच्या तालुक्यात असेल तसं, पण शहरात हे सगळं गटावर नेऊन ठेवणं मला पटत नाही आणि खरं सांगायचं तर थोडा अपमान पण वाटतो. मी गेली वीस वर्षं भगव्याला मत देतो ते कुणाच्या जोडण्यामुळं नाही, मला पटतं म्हणून. आमच्या गल्लीतलं तरुण मंडळ, शिवजयंती, अंबाबाईचं दर्शन घेऊन बाळासाहेब प्रचाराचा नारळ इथं फोडायचे त्या सभा, वडिलांच्या खांद्यावर बसून बघितल्यात. माझा राजर्षी शाहू महाराजांवर तेवढाच जीव आहे. दोन्ही एका माणसात बसतात, तुम्हाला कळो न कळो.

आणि पाच महिन्यांत काहीच झालं नाही हे पण खरं नाही. सुरुवात त्याच्याही आधीची, २०२३ च्या जूनला शहरात मोबाईलवरच्या स्टेटसवरनं जे झालं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं, मी तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलो होतो, शेजारी माझा मुस्लिम मित्र, त्याचं पण दुकान. आम्ही दोघं एकमेकांशी काही बोललो नाही, चहा सुद्धा तसाच राहिला. मग यंदा जुलैला विशाळगडाच्या पायथ्याला गजापूरला जमावानं मुस्लिमांची घरं फोडली. ती माणसं चुकली, मी भगव्याचा असून सांगतो, शिवरायांच्या गडाखाली गरिबाच्या घरात घुसायचं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. पण त्यानंतर पेठांमधनं बोलणं बदललं, व्हॉट्सअॅपवर बदललं, लोक दोन बाजूंना सरकले. शाहू महाराज गजापूरला त्या लोकांना भेटायला गेले तर आमच्याच गल्लीत ज्यांनी त्यांना मत दिलं होतं त्यातले काही नाराज झाले आणि काहींना अभिमान वाटला. हे गटाचं नाही, हे मनाचं आहे. पेठेतल्या पोरा, तुझ्या वडिलांना ह्याबद्दल विचार.

---

आकडेमोड_करवीर

थोडं आकड्यांचं. आमदारांची संख्या बघून जिल्हा फिरला असं ठरवायला जाऊ नका, ती फार फसवते. काँग्रेसचं घ्या, २००९ ला दोन, २०१४ ला शून्य, २०१९ ला चार, २०२४ ला शून्य. भाजप २०१४ ला दोन आणि २०१९ ला शून्य, ते पण राज्यात सरकार असताना आणि पालकमंत्री इथलेच असताना, ऑगस्टचा महापूर नुकताच होऊन गेला होता, लोकांच्या भिंतींवर पाण्याची रेघ तशीच होती. म्हणजे दर पाच वर्षांनी आपण पाटी पुसतो. पण मतं बघा की. करवीरला यंदा राहुल पाटील दोन हजाराच्या आत पडले. हजार माणसं इकडची तिकडं झाली असती तर आज "करवीरनं काँग्रेस राखली" असं छापून आलं असतं आणि हा धागा थोडा वेगळा निघाला असता.

दुसरं, मतदारसंघच बदललेत. आधी जिल्ह्यात बारा होते, पुनर्रचनेनंतर २००९ पासून दहा. सांगरूळ, पन्हाळा, वडगाव, गडहिंग्लज ही नावंच गेली. मास्तरांचं सांगरूळ करवीरमध्ये विरघळलं. गडहिंग्लजला श्रीपतराव शिंदे जनता दलाचे आमदार होते, नगरपालिकेत तर जनता दल अलीकडेपर्यंत सत्तेत, महाराष्ट्रात दुसरीकडं फारसं नाव निघत नाही त्या पक्षाचं. तालुका कापून वाटला की असा एकगठ्ठा विचार आमदार निवडून देण्याइतका उरत नाही, लोक तिथंच असतात.

आणि कोल्हापूर उत्तर यंदा मोजूच नका खरं तर. काँग्रेसच्या उमेदवारानं माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला, पंजा मशीनवरच नव्हता, अपक्षाला पाठिंबा द्यावा लागला. २०२२ च्या पोटनिवडणुकीत त्याच जागेवर काँग्रेसच्या जयश्री जाधव अठरा हजारांवर मतांनी आल्या होत्या आणि यंदा मतदानाच्या आधीच त्या शिंदे सेनेत गेल्या. मतदारानं करायचं काय.

---

मागावरची_लेक

सगळे गडी आणि सगळे ऊसवाले बोलायला लागलेत म्हणून मी इचलकरंजीचं लिहिते. आमच्याकडं ऊस नाही, माग आहेत. पप्पा माझे तीस वर्षं यंत्रमागावर, बारा-बारा तासांची पाळी, आठवडी पगार, घरी आले की कानात खटखट चालूच असायची, टीव्ही इतका मोठा लावायचे की शेजारी ओरडायचे. ते लाल झेंड्याच्या युनियनमध्ये होते. इथनं माकपचे मलाबादे आमदार झालेत हे आता माझ्या वयाच्या पोरींना सांगितलं तर खोटं वाटतं. नंतर आवाडे म्हणजे काँग्रेस, मग २००९ आणि २०१४ ला हाळवणकर भाजपचे, २०१९ ला प्रकाश आवाडे अपक्ष, आणि यंदा राहुल आवाडे भाजपकडनं. कापड मंदीत गेलं, मालकच माग भंगारात विकायला लागले, बोनससाठी संप करायचा तर कुणाविरुद्ध? आमच्या गल्लीत चार शेड होत्या, एका शेडमध्ये आता जिम आहे. मागावर आता निम्मे कामगार बाहेरच्या राज्यातले, त्यांचं मत इथं नाही. युनियन कुठल्या भाषणानं संपली नाही, खटखट बंद झाली तशी ती पण बंद झाली.

हातकणंगले, म्हणजे २००९ च्या आधीचं इचलकरंजी, लोकसभेचं पण तसंच. बाळासाहेब माने पाच वेळा काँग्रेसचे खासदार, सून निवेदिता माने राष्ट्रवादीच्या, नातू धैर्यशील माने सेनेचे आणि यंदा शिंदे सेनेचे, तेरा हजारांनी निसटते. मधली दहा वर्षं राजू शेट्टी, चळवळीतनं आलेला माणूस, लोक वर्गणी काढून निवडून देत होते. माझी मावशी शिरोळची, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला डबा घेऊन जायची. यंदा शेट्टी तिसऱ्या नंबरला गेले. मावशीनं मला सांगितलं, "पोरी, दर मागायला अजून त्याच्याच मागं जाणार, पण मत न्हाई दिलं ह्या टायमाला." का म्हणून विचारलं तर कधी ह्यांच्याबरोबर कधी त्यांच्याबरोबर आणि कधी एकटा, मला कळंना म्हणाली. मास्तर म्हणतात ते रस्त्यावर एक आणि पेटीत एक, ते हेच.

आणि पाच महिन्यांत काय झालं विचारताय तर एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, लाडकी बहीण. आईच्या नावावर पहिल्यांदा खातं काढलं. आधार लिंक करायला आम्ही दोघी चार वेळा गेलो, बाहेर बायकांची रांग, चपला उन्हात ओळीनं ठेवलेल्या. दीड हजार आले तेव्हा तिनं बँकेतनं आल्यावर पैसे देवासमोर ठेवले नाहीत, सरळ स्वतःच्या डब्यात ठेवले. चाळीस वर्षं पप्पा सांगतील तिथं शिक्का आणि नंतर बटण. यंदा मतदानाला जाताना पप्पांनी काही सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली "माझं मी बघते." मी तिला कुणाला दिलं विचारलं नाही. तुम्ही ह्याला विकत घेतलं म्हणा, मी म्हणणार नाही, कारण तिला ह्या वयापर्यंत कुणी काहीच दिलेलं नव्हतं, पगारवाढ सुद्धा पप्पांच्या हातात यायची. पण हे तिचं मत कायम तिकडंच राहील असं कुणी धरू नये. एकदा स्वतः ठरवलेली बाई पुढच्या वेळी पण स्वतःच ठरवणार.

---

पेठेतला_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन वेळा वाचलं. ताई, तुमच्या आईचं वाचून मी घरी फोन केला. आमच्या आईला विचारलं तू कुणाला दिलंस, तर म्हणाली वडिलांनी सांगितलं त्यालाच. मग थोडं थांबून म्हणाली, "लोकसभेला न्हाई पण." शाहू महाराजांना तिनं स्वतःच्या मनानं दिलं, गादीला मत द्यायचंच म्हणून, आणि वडिलांनी तेव्हा दुसऱ्याला. एका घरात, एका सकाळी. मला हे आजपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी हलगी ऐकून सगळी गल्ली एकाच बाजूची समजत होतो.

मास्तर, एक विचारायचं राहिलं. शक्तीपीठ महामार्गाच्या विरोधात लोकसभेला एवढं रान पेटलं होतं, आमच्या मामाची जमीन जाणार होती, त्यांनी काँग्रेसला दिलं. विधानसभेच्या आधी कोल्हापूर वगळलं म्हणून जाहीर झालं आणि मामा शांत. हे तुमच्या हिशोबात कुठं बसतं?

---

भोगावतीकाठ

मामा शांत नाही झाला, त्याचं काम झालं असं त्याला वाटलं. जमीन वाचवायला त्यानं मत वापरलं, जमीन वाचली म्हटल्यावर मत मोकळं झालं, मग ते भावकीत, गटात, पैऱ्यात, जिथं नेहमी जातं तिथं गेलं. रस्ता परत निघाला की मामा परत बांधावर दिसेल, तू फक्त त्याला जमिनीबद्दल विचार, पक्षाबद्दल विचारू नको.

महाद्वार रोडवाल्या भावाचं मात्र मी मघाशी लिहिताना विसरलो होतो. त्याचं भगवं मनातनं आलेलं आहे, ते मी माझ्या हिशोबात धरलं नव्हतं, ती माझी चूक. माझ्या स्वतःच्या दोन्ही पुतण्यांचं तसंच आहे आणि ते कुणाच्या दारात तोडीसाठी बसत नाहीत, एक एमआयडीसीत आहे एक पुण्यात. चिटबॉयचा धाक त्यांना नाही, पण माझ्या वडिलांची सभा पण त्यांनी ऐकलेली नाही. ती मी सांगायला पाहिजे होती, वडील मला रात्री उठवून सांगायचे तशी. मी नोकरी, पेपर तपासणी, ट्यूशन ह्यात राहिलो.

पिंपरीहून आलास की ती ट्रंक उघड आणि घडीचा एक फोटो टाक. कापडाच्या कडेला शिलाई कशी आहे बघ, आमच्या घरचा आईनं हातानं शिवला होता.